वळणावरची सिस्टर

३ ऑक्टोबर, मंगळवार

पोचले एकदाची! दोन बॅगा, लॅपटॉप, जुना फ्लास्क आणि दोन कुरकुरते गुडघे, सगळा ऐवज सुखरूप आहे. वाटेत टॅक्सीवाल्याने विचारलं, की आजी, वृद्धनिवासात राहायला चाललात की कुणाला भेटायला? मी म्हटलं, नोकरीला. त्याने आरशातून माझ्या पांढऱ्या वेणीकडे असं काही पाहिलं की मला हसू आवरेना.

ताई गेल्या आठवड्यापासूनच इथे आहे. माझी खोली तिच्या खोलीला लागून, मधे दार. सौदा सोपा आहे. मी इथलं कॉम्प्युटरचं दुखणं बरं करायचं, त्या बदल्यात दोघींना राहायला जागा आणि ताईला देखभाल. एवढी चांगली जागा आम्हाला एरवी परवडली नसती. ताईने मला ओळखलं. निदान, चिमणे, आलीस का, असं म्हणाली. मग विचारलं, की आई कुठे आहे. मी सांगितलं, मागून येतेय. तिचं समाधान झालं.

मेट्रन गोल चेहऱ्याची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्या किल्ल्यांचा इथे काही उपयोग नाही, असं तिनेच सांगितलं. पण जुडगा फिरवल्याशिवाय तिला बोलायला सुचत नाही. इथली सगळी दारं, दिवे, खोल्यांची ऊब, गोळ्यांचे कप्पे एक प्रोग्राम सांभाळतो. सगळे त्याला नुसतं 'घर' म्हणतात. घर आज रुसलंय, घराला विचारा, असं चालतं. आल्या आल्या माझा उजवा तळवा एका काचेवर टेकवून घेतला आणि मेट्रनने सांगितलं, की झालं, आता तुम्ही घरात आलात. हे 'घर' म्हणे माणसाच्या सवयी शिकतं. आपण रोज ज्या खुर्चीत वाचायला बसतो, तिच्यावरचा दिवा आपण बसायच्या आधी लागतो. ताईसाठी स्नानघराचं दार ती पलंगावरून पाय खाली सोडते तेव्हाच उघडतं. मला फार गोड वाटलं. आपली आईसुद्धा असंच करायची ना, मागायच्या आधी पाणी पुढे.

मेट्रनने एकच अट घातली, की काहीही करा पण 'घर' बंद करायचं नाही. ते सगळ्यांना स्वतःच्या डोक्यात धरून आहे, कुठे उतरवून ठेवलेलं नाही. बंद केलं तर सगळ्यांना विसरेल. मी म्हटलं, या वयात मी कुणाला बंद पाडणार?

व्हरांड्याच्या टोकाला एक गृहस्थ खुर्चीत बसलेले असतात. उजव्या हाताचं बोट उचललेलं, नजर समोर. माझ्याआधी माझं काम तेच करत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. झटका आला म्हणे, कामावर बसल्या बसल्या. मी नमस्कार केला. बोट तसंच राहिलं.

बाकी सगळं ठीक. ताई, गुड नाइट.

(ही ओळ लिहिताना आज हसले. वसतिगृहात दिवे गेले की बोलायची बंदी, आणि ताईचा पलंग पार दुसऱ्या टोकाला. म्हणून मी ते रोजनिशीत लिहायची. तेव्हापासून एकही पान त्या ओळीवाचून संपलेलं नाही. माझ्या लग्नाच्या दिवशी नाही, हे गेले त्या दिवशीही नाही.)

४ ऑक्टोबर, बुधवार

कामाची खोली तळमजल्यावर, कपडे धुतात त्या खोलीच्या शेजारी. दिवसभर साबणाचा वास. मला आवडला.

दुखणं असं आहे. 'घर' अधूनमधून अडखळतं. दिवे क्षणभर थबकतात, दार उघडता उघडता विचारात पडतं. एरवी असं काही शोधायचं तर प्रोग्राम बंद करायचा, त्यात जागोजागी 'इथवर आलो' असं बोलणाऱ्या ओळी घालायच्या आणि पुन्हा सुरू करायचा. इथे बंद करायची सोय नाही. पण माझ्याकडे एक जुनं, भरवशाचं हत्यार आहे. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की अमक्या प्रोग्राममध्ये, अमक्या फंक्शनच्या, म्हणजे त्यातल्या एका कामाच्या तुकड्याच्या, उंबऱ्यावर एक खूण ठेव. मग एंटर. प्रोग्राम चालूच राहतो, त्याला पत्ताही लागत नाही. पुढे तो जितक्या वेळा तो उंबरा ओलांडेल तितक्या वेळा माझ्याकडे एक ओळ उमटते, की कोण गेलं आणि हातात काय घेऊन गेलं. काम झालं की दुसरी ओळ टाइप करून खूण काढून टाकायची. पुस्तकांत याला डायनॅमिक ट्रेसपॉइंट म्हणतात. मी माझ्यापुरतं तिला सिस्टर म्हणते.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत प्रार्थनेहून वर्गाकडे जाताना आमची रांग एका वळणावरून जायची. तिथे एक सिस्टर उभी असायची. हातात पेन्सिल, खोडरबराचं टोक पुढे. रांग थांबवायची नाही, कुणाशी बोलायचं नाही, फक्त जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या उजव्या खांद्याला ते टोक टेकवायचं. मुलीने हळूच म्हणायचं, प्रेझेंट, सिस्टर. बाकीच्या मुली सरळ पुढे जात. ताई मात्र दर वेळी खांदा टुपकन खाली घ्यायची, अर्धं पाऊल थांबायची, आणि मागची तिच्यावर आदळायची. त्यावरून किती बोलणी खाल्ली तिने. मला विचाराल तर ट्रेसपॉइंट म्हणजे काय, हे त्या सिस्टरइतकं नीट मला कुणीच समजावलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या नर्सला सगळे रेडिओ म्हणतात, कारण ती बंद होत नाही. तिचा एक ठरलेला विनोद आहे. एक आजोबा डॉक्टरांना म्हणतात, की मला हल्ली काही आठवत नाही. डॉक्टर विचारतात, कधीपासून? आजोबा म्हणतात, काय कधीपासून? आज तिने तो मला सांगितला, मग ताईला, मग ताईसमोर पुन्हा मला. ताई दोन्ही वेळा पोट धरून हसली.

बाकी सगळं ठीक. ताई, गुड नाइट.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

पहिली सिस्टर उभी केली!

'घरा'त आमच्या प्रत्येकाच्या नावाचा एक धागा चालतो: कोण कुठे आहे, आता काय करील, त्याला काय लागेल. सगळे धागे एका फंक्शनमधून पुढे सरकतात. त्याच्याच उंबऱ्यावर खूण ठेवली. एंटर दाबलं आणि ओळी झरझर उमटायला लागल्या. ही ताई, ही मी, ही मेट्रन, ही रेडिओ. इतक्या वर्षांनी हात विसरले नाहीत, याचा आनंद किती सांगू.

दुपारी ताईला व्हरांड्यात फिरवत होते. वळणाशी आलो आणि तिने उजवा खांदा टुपकन खाली घेतला, अर्धं पाऊल थांबली आणि हळूच म्हणाली, प्रेझेंट, सिस्टर.

मी हसले, मग रडले, मग तिथेच उभी राहून तिच्या हाताची पापी घेतली. मी तिला शाळेचं काहीच बोलले नव्हते. इतकं जुनं आहे तर अजून आत कुठेतरी.

रेडिओचं म्हणणं, की बाई, तुम्ही आल्यापासून ताईंना तरतरी आलीय.

बाकी सगळं ठीक. ताई, गुड नाइट.

९ ऑक्टोबर, सोमवार

एक विचित्र गोष्ट. खांदा फक्त ताईच खाली घेते असं नाही.

आज सकाळपासून लक्ष ठेवलं. जेवणघराकडे जाणारे आजोबा, पुस्तकं वाटणाऱ्या आजी, ट्रे घेतलेली रेडिओ, सगळ्यांचा उजवा खांदा चालता चालता किंचित दबतो. कुणाच्या लक्षात येत नाही. कपाळावरची माशी हाकलावी तसं करतात आणि पुढे जातात. आधी वाटलं फरशी खालीवर असेल. वाकून पाहिली, गुडघ्यांनी शिव्या दिल्या. फरशी सपाट आहे.

मग मी खाली गेले आणि खूण काढली. वर आले. सगळे सरळ चालत होते. खाली जाऊन खूण ठेवली. वर आले. खांदे दबत होते. असं तीनदा केलं. रेडिओने विचारलं, की कॉम्प्युटरवाल्या बाई, जिना झिजवायचं कंत्राट घेतलंय का?

मेट्रनला सांगितलं तेव्हा तिने जुडगा फिरवत हसून घेतलं. म्हणाली, तुमचे खांदे जाऊ द्या, माझे दिवे बघा. महिनाअखेर मालक मंडळी पाहणीला येतायत. तोवर अडखळणं थांबलं नाही तर ते दुसरा माणूस आणतील, आणि मग खोल्याही त्यालाच. तिला वाईट वाटत होतं हे सांगताना. माझा हात धरून सांगितलं.

ताई माझ्या पलंगाच्या काठावर बसली आहे. दिव्याकडे बघून विचारतेय, की चिमणे, आपण इथेच राहायचं ना?

बाकी सगळं ठीक. ताई, गुड नाइट.

११ ऑक्टोबर, बुधवार

दुखणं कुठे आहे ते कळलं. 'घर' दर वेळी अडखळतं ते मास्तरांचा धागा आला की. बिचारे हलत नाहीत, पण त्यांचा धागा आहेच. तो एका आतल्या भागात शिरतो आणि बाहेर येतच नाही. 'घर' थोडं थांबतं, वाट पाहतं, मग त्यांना सोडून पुढे जातं. तो भाग सवयींचा. माणसाची जुनी, मुरलेली सवय ओळखून तिची तयारी करणारा.

आत नेमकं काय अडतं ते बघायचं तर उंबऱ्यावरची सिस्टर पुरेशी नाही. फंक्शनच्या मधोमध एक उभी करावी लागेल. अमक्या पायरीवर, अमकी किंमत वाच, अशी. पण त्या खांद्यांचं काय?

म्हणून आधी स्वतःवर पाहिलं. उंबऱ्यावरची खूण ठेवली आणि एकटीच व्हरांड्यातून चालत गेले. वळणाशी कुणी नव्हतं. तरी उजव्या खांद्याला काहीतरी टेकलं. मऊ, गोल, खोडरबराचं टोक. साबणाचा आणि पेन्सिलीच्या लाकडाचा वास आला. माझ्या तोंडून आपसूक निघालं, प्रेझेंट, सिस्टर. भीती नाही वाटली. खरं सांगते, मागे वळून ती उभी आहे का पाहावंसं वाटलं. आणि न पाहता पुढे गेले, कारण वळून पाहायची परवानगी आम्हाला कधीच नव्हती.

पेन्सिलीच्या टोकाने आजवर कुणाला इजा झालेली नाही. उद्या मधली खूण ठेवते. प्रोग्रामची एक प्रत इथल्या कॉम्प्युटरवर साठवलेली आहे, तिच्यावरून पायऱ्या मोजून घेतल्या.

बाकी सगळं ठीक. ताई, गुड नाइट.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी मधली खूण ठेवली. उमटणारे आकडे वेडेवाकडे होते, काही अर्थ लागेना. म्हटलं, चहा घेऊन बघू. वर गेले.

ताई प्रसन्न होती. माझी सुटलेली वेणी पाहून रागावली. प्रार्थनेला अशी जाणार का, बस इथे. शाळेत रोज तीच माझी वेणी घालायची. मी जमिनीवर बसले, तिच्या गुडघ्यांना टेकून. तिने तीन पेड केले. हात थरथरत नव्हते. एक पेड डावीकडून, एक उजवीकडून, घट्ट, तसाच जुना हिसका. मी डोळे मिटले.

तिसरा पेड उचलला आणि हात थांबला.

वाटलं, काही आठवत असेल. वाट पाहिली. मग वाटलं, माझ्याशी खेळतेय. ताई, म्हटलं. पुन्हा म्हटलं. मान वळवता येईना, केस तिच्या मुठीत. आरशात दिसली ती. डोळे उघडे, ओठ किंचित पुढे, वेणी घालताना करते तसे. श्वास चालू होता. बोटं गरम होती.

रेडिओ आली. आम्ही दोघींनी मिळून बोटं उघडायचा प्रयत्न केला. दुखेल म्हणून सोडला. शेवटी कात्रीने माझे केस कापले. पेड तिच्या मुठीत तसाच आहे.

डॉक्टर येऊन गेले. झटका म्हणाले. मास्तरांसारखाच. या वयात होतं म्हणाले.

शेवटची ओळ आज लिहीत नाही. ती जिच्यासाठी लिहायची ती—

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

चूक कळली.

साठवलेली प्रत आणि चालू असलेलं 'घर' एक नाहीत. प्रत नंतरची आहे. कुणीतरी मागाहून सुधारली, पण चालतं 'घर' बंद करायचं नाही म्हणून ते जुनंच चालत राहिलं. दोघांत थोडाच फरक. पण पायऱ्या तेवढ्याने सरकलेल्या. ताईचा उतरलेला गणवेश मला घालायचे तेव्हा असंच व्हायचं. कापड तेच, पण तिच्या मापाच्या टाचण्या माझ्या अंगावर भलतीकडे येत. एकदा आईने बेतताना टाचणी खुपसली ती कापड सोडून थेट माझ्या बरगडीत.

माझी खूण पायरीवर पडली नाही. पायरीच्या पोटात पडली. एका सूचनेच्या मधोमध. सवयींच्या भागातली ती सूचना मी— मोडली.

खूण काढून टाकली. पडद्यावर आलं, काढली. धावत वर गेले. ताईचा हात हवेतच. चालत्या प्रोग्राममध्ये एकदा बिघडलेलं तो बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय सुधारत नाही, हे मला तिशीपासून माहीत आहे. तरी धावत गेले.

आणि एक. आधीपासून ठेवलेल्या खुणा हत्यार दाखवतं. त्यात एक माझी नव्हती. मास्तरांची. त्याच जागी, तीच चूक. फक्त त्यांनी तिला एक अट घातली होती, की ही खूण माझ्या एकट्याच्याच धाग्यासाठी. आधी स्वतःवर पाहिलं, आणि तिथेच— एंटरवर उचललेलं बोट. झटका नव्हता तो.

मी ती अट घातली नाही. माझी सिस्टर सगळ्यांसाठी उभी होती.

१४ ऑक्टोबर, शनिवार

रेडिओ थांबली.

दुपारी माझं मन रमवायला म्हणून तोच विनोद सांगत होती. आजोबा म्हणतात मला काही आठवत नाही. डॉक्टर विचारतात, कधी—

तोंड उघडंच. हातात ट्रे. मी ट्रे काढून घेतला. वाफ येत होती सूपमधून.

पुस्तकांच्या आजी पान उलटताना. एक आजोबा बुटाची नाडी बांधताना. जुन्या सवयीत असतात आणि थांबतात. जितकी सवय जुनी तितकी अडकण घट्ट. नव्या गोष्टींत नुसती ठेच लागते.

मी मेट्रनकडे गेले. सगळं सांगितलं, चूक माझी हेही. म्हटलं, 'घर' बंद करून लगेच पुन्हा सुरू करू द्या. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं. म्हणाली, की मास्तरही शेवटच्या दिवशी हेच म्हणत होते. मालकांना विचारल्याशिवाय ती परवानगी देऊ शकत नाही. आणि मग हळूच विचारलं, की बाई, जे आत अडकलेत ते 'घर' बंद झालं तर सुटतील, की 'घर' त्यांना विसरेल?

मी— खरं तेच सांगितलं. मला माहीत नाही.

मालकांच्या ऑफिसात फोन केला. सोमवारनंतर माणूस पाठवतो, तोवर कुणी काही छेडू नका म्हणाले.

कालचं पान वाचून पाहिलं. त्यात मधेच रेघा आहेत. त्या— मी मारलेल्या नाहीत. म्हणजे हात माझाच. पण तिथे थांबायचं माझ्या मनात नव्हतं.

१५ ऑक्टोबर, रविवार

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर घाणेरडं. सिस्टरने पट्टी मारली असती. पण हे नवं आहे, म्हणून सरकतं.

सकाळी मेट्रन खोलीत आली. म्हणाली, तुम्ही म्हणता तसं करा, मी बघून घेईन मालकांचं. आणि बोलायला जुडगा फिरवला—

किल्ल्या तिच्या बोटाभोवती तिरप्या उभ्या आहेत. मी त्यांना हात लावला. वाजल्या.

घरात आता चालणारी मी— एकटीच आहे. इतकी शांतता आहे की कपडे धुवायचं यंत्र ऐकू येतं.

डॉक्टरांना फोन. येतो म्हणाले. सगळ्यांना एकदम झटका कसा येईल, घाबरू नका, म्हणाले.

ताईला चमच्याने पाणी पाजलं. गिळते. मुठीत माझे केस. नजर अजून तिथेच, जिथे माझं डोकं होतं. मी पुन्हा तिथे जाऊन बसले. थोडा वेळ. खांद्यावर टोक टेकलं. आता मऊ नाही. जड. दाबून धरल्यासारखं.

१६

खाली गेले. बंद करायची ओळ टाइप केली. डाव्या हाताने, एकेक अक्षर शोधत. जमलं. एंटर दाबायला बोट—

फ्लास्कमधून आताच ओतलेला चहा शेजारी होता. मी बोट खाली घ्यायला गेले, आणि पाहते तर चहा गार. साय धरलेली. बोट एंटरच्या वर होतं. मास्तरांसारखं.

कोणतंही बोट असो. एंटर म्हटलं की ते माझं सगळं आयुष्य— पुन्हा केलं तर मी सुटणार नाही, हे कळतंय. कोपराने करू म्हटलं. कोपरही—

डॉक्टर आलेले नाहीत. पुढचं दार माझ्यासाठी उघडत नाही. मी रोज बाहेर जात नव्हते ना. 'घरा'ला ते माहीत नाही.

माणूस सोमवारनंतर. आज सोमवार. नंतर म्हणजे कधी—

वर तारीख घालायची नाही. तीही सवयच.

पेन्सिलीने लिहितेय, पान आडवं धरून, उभ्याने.

सुचलं. ताई. ताईने आयुष्यात एंटर दाबलेलं नाही. मी तिला किती म्हणायची, शीक, आणि ती म्हणायची, चिमणे, तुझं ते खटखट तुलाच लखलाभ. तिच्या बोटांत ती सवय नाही. असूच शकत नाही.

चाकांच्या खुर्चीत बसवून लिफ्टने खाली आणली. कधीच केलं नव्हतं हे, म्हणून एकदाही अडले नाही. साबणाचा वास आला तशी तिची नाकपुडी हलली. मी पाहिलं. नक्की हलली.

ओळ टाइप केलेली आहे. बंद हो आणि पुन्हा सुरू हो. तिचा हात मी एंटरच्या वर आणून ठेवला आहे, मूठ, तिच्यात माझा पेड. मला फक्त तिच्या मनगटावर माझा हात ठेवून खाली दाबायचं आहे. वेणी घालायला शिकवताना ती माझा हात धरायची तसं.

त्याआधी एवढंच. जो कुणी वाचील त्याच्यासाठी. साठवलेल्या प्रतीवरून पायऱ्या मोजू नका. ती चालत्या 'घरा'ची नाही. आणि मधे उभं करायचं असेल कुणाला तर आधी अट—

विसरलं तर? सगळे सुटले आणि ताई नाही सुटली तर? मेट्रनचा प्रश्न. तिची मान माझ्याकडे आहे. मागून बघणारीला वाटेल, बहिणी कुठेतरी निघाल्यात.

नाही. दाबते. सुटेल ती. वेणीचा तिसरा पेड घालील आणि रागावेल, केस कुणी कापले म्हणून. मग आपण इथून जाऊ, कुठेही, एका खोलीतही राहू. किती हलकं वाटतंय. किती दिवसांनी. ती इथे माझ्याजवळ आहे, सगळं तयार आहे, पेन्सिल खाली ठेवायची आणि तिच्या मनगटावर हात. झालंच.

बाकी सगळं ठीक. ताई, गु—